माती ओळखा, मग पाण्याला हात लावा: आपल्याकडची आरसी गाडी आणि तिची निगा

आजचा भाग आरसी गाडीवाल्यांसाठी. रिमोटची गाडी शेतात, माळावर, नाल्याकाठी पळवून झाली, घरी आलो, आता पुढे काय? मी पेशाने सॉफ्टवेअरवाला, पण शनिवार-रविवार माझ्या हातात कीबोर्डपेक्षा जुना टूथब्रश जास्त असतो. तर आज त्या टूथब्रशबद्दल बोलू.

यूट्यूबवर गाडी साफ करायचे शेकडो व्हिडिओ आहेत. बहुतेक बाहेरच्या देशातले. तिथली माती वेगळी, तिथल्या नळाचं पाणी वेगळं. आपल्या बुलडाणा जिल्ह्यात मात्र एकाच जिल्ह्यात तीन प्रकार भेटतात, आणि तिन्हींना गाडी वेगळ्या पद्धतीने साफ करावी लागते. म्हणून माझं आजचं सांगणं एवढंच: आधी माती ओळखा, मग पाण्याला हात लावा.

पहिला प्रकार मुरूम. घाटावर, म्हणजे बुलडाणा, चिखली, मेहकरकडे माळरानावर हा भेटतो. मुरूम गाडीला चिकटत नाही, पण त्याचे बारीक खडे फार वाईट. मोटरच्या छोट्या गिअरच्या आणि मोठ्या प्लास्टिक गिअरच्या मधे एक खडा अडकला की दात गेलेच म्हणून समजा. इथे पाण्याची गरजच नाही. रंगाचा मऊ ब्रश घ्या, वरून खाली झाडा, मग सायकलच्या पंपाने किंवा टायरमध्ये हवा भरायच्या छोट्या मशीनने लांबून हवा मारा. बेअरिंगवर थेट नळी धरू नका, धूळ आत ढकलली जाते. शेवटी गिअरचं झाकण उघडून गिअर बोटाने पूर्ण एक फेरा फिरवा. कुठे अडलं तर तिथे खडा आहे. आणि उघड्या गिअरला ग्रीस लावू नका. ग्रीसवर धूळ बसली की त्याचा पॉलिश पेपर होतो. ग्रीस फक्त बंद डिफरन्शियलच्या आत.

दुसरा प्रकार आपली काळी माती. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हा पसरला, त्याचा बेसाल्ट झाला आणि बेसाल्ट झिजून ही माती. हिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते. तिचे थर पानांसारखे एकावर एक असतात, त्यांच्यात पाणी शिरलं की ती फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात त्या यामुळेच. आता हीच माती चाकाच्या रिममध्ये, सस्पेन्शनच्या हातांत बसली आणि वरून आपण पाणी ओतलं, तर काय होणार? ती आणखी फुगणार, चिखल पातळ होऊन जिथे गेला नव्हता तिथे जाणार.

म्हणून शेतकरी जे करतो ते करा. वखराच्या पासेला ओली माती धरली की तो तिथेच थांबून काठीने काढतो. आपणही शेतातच लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या चपट्या काडीने जाड गोळे काढायचे. स्क्रू ड्रायव्हर वापरू नका, प्लास्टिकला चरे पडतात. उरलेली माती घरी सावलीत रात्रभर वाळू द्या. वाळली की ती स्वतःच आकसून सुटते. सकाळी टायर दाबला की पापुद्रे पडतात, बाकीचं टूथब्रश करतो.

आणि मुळात पाऊस पडल्याबरोबर गाडी काळ्या रानात नेऊच नका. आपल्याकडे शब्द आहे ना, वाफसा? जमीन ना चिखल, ना ढेकूळ. वाफसा आल्याशिवाय शेतकरी पेरायला उतरत नाही, आपण तरी कशाला उतरायचं? ओल्या रानात चाकाला माती लागून त्याचं वजन वाढत जातं, मोटर जास्त करंट ओढते, मोटर आणि स्पीड कंट्रोलर दोन्ही तापतात. गाडी थांबवून मोटरजवळ हात न्या. बोट टेकवून ठेवता येत नसेल, तर त्या दिवसाचा खेळ संपला.

तिसरा प्रकार घाटाखाली. राजूर घाट उतरून मलकापूर, नांदुरा, तिथून पुढे शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद. या पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे, तो पुढे अकोला, अमरावतीत पसरलाय. मातीत क्षार, बऱ्याच गावांत बोअरच्या पाण्यातही क्षार. इथे माती काळीच, पण धोका पाण्याचा.

माझा मावसभाऊ घाटाखालच्या एका गावात राहतो, आयटीआयला आहे. वर्षभर पैसे साठवून त्याने सेकंडहँड गाडी घेतली, एकास दहा मापाची. पावसाळ्यात शेतात फिरवली, आणि गावाजवळच्या एका वॉशिंग सेंटरवर मोटारसायकलसोबत तीही प्रेशरने धुऊन मिळाली. गाडी चकाचक! आठ दिवसांनी फोन: "दादा, मागचं चाक कर्र कर्र करून राह्यलं." उघडून पाहिलं तर बेअरिंग गंजून जाम. चाक फिरतच होतं, पण बेअरिंगऐवजी अ‍ॅक्सल तिच्या आत घासत होता. म्हणजे बेअरिंग तर गेलीच, अ‍ॅक्सलही झिजला. सुटा भाग पुण्याहून येईपर्यंत पोराची गाडी कपाटावर. नवी बेअरिंग स्वस्त असते. पण वर्षभर पैसे जमवणाऱ्याला पुढचा प्रत्येक भाग महाग असतो.

इथे एक गैरसमज काढू. डब्यावर 'वॉटरप्रूफ' लिहिलं म्हणजे काय? इलेक्ट्रॉनिक्सला पाण्याने लगेच काही होत नाही, एवढंच. बेअरिंग, स्क्रू, अ‍ॅक्सल लोखंडाचेच असतात. ट्रॅक्ससच्या मॅन्युअलमध्ये तर ओल्यात चालवल्यावर काय काय करायचं याची वेगळी यादी असते, आणि प्रेशर वॉशर नको असं स्पष्ट बजावलेलं असतं. ही काळजी जुनीच आहे. १९७९ साली जपानच्या टामियाने सँड स्कॉर्चर ही वाळूत पळणारी गाडी काढली, तेव्हाच रेडिओचे भाग बंद पारदर्शक डब्यात ठेवले होते. चाकांच्या बेअरिंगना मात्र असा डबा नसतो. ते काम आपलं.

तर पाणी वापरावंच लागलं तर क्रम असा. आधी गाडी बंद, मग रिमोट बंद. बॅटरी बाहेर. कमी दाबाचं पाणी, तेही पिण्याचं किंवा फिल्टरचं. घाटाखाली बोअरच्या पाण्याने धुतलं असेल तर शेवटचा तांब्याभर फिल्टरचा घ्याच. टायरला छोटी भोकं असतात, टायर दाबून आतल्या फोममधलं पाणी काढा. हवा मारा. मग बेअरिंग आणि स्क्रूंवर डब्ल्यूडी-४० चा हलका फवारा. लक्षात ठेवा, हे पाणी हटवायचं द्रव आहे, टिकाऊ वंगण नाही. म्हणून नंतर तेल लागतंच.

बेअरिंगचं काम अगदी सोपं. एकास दहाच्या बऱ्याच गाड्यांत ५ बाय ११ बाय ४ मिलिमीटरची बेअरिंग असते. रबरी सील असेल तर शिवणाच्या सुईने कडेने हळूच उचला. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये हलवून घ्या, मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे हे असतं. वाळवा. मग शिलाई मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब. जास्त नको, धूळ धरते. अल्कोहोल पेट घेतं, म्हणून गॅस आणि देवघरातला दिवा दोन्ही लांब.

शॉकचा दांडा फडक्याने पुसा, नाहीतर धूळ आतल्या रबराला कापते आणि तेल गळतं. आत सिलिकॉनचंच तेल घाला, साध्या तेलाने रबर फुगू शकतं. धातूत बसणाऱ्या स्क्रूला निळं थ्रेडलॉक, प्लास्टिकमध्ये बसणाऱ्याला अजिबात नको.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट, लिथियम पॉलिमर बॅटरी. गाडी चालवून आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, थंड होऊ द्या. ओली असेल, फुगली असेल, चेपली असेल तर चार्जर दूरच ठेवा. आठवडाभर वापरायची नसेल तर प्रत्येक सेल साधारण ३.८ व्होल्टवर ठेवा. आणि मे महिन्यात घाटाखालच्या उन्हात गाडी वाळवायला पत्र्यावर ठेवायची सवय असेल, तर बॅटरी आत राहिली नाही ना, हे दोनदा बघा. घरात लहान मुलं असतात, गंजीला आग लागायला वेळ लागत नाही.

एक विनंती. लोणारच्या विवरात गाडी घेऊन जायची आयडिया कुणाच्या डोक्यात असेल तर सोडून द्या. ते अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर स्थळही आहे. तिथलं पाणी खारं आणि अल्कधर्मी, म्हणजे गाडीलाही वाईट आणि जागेलाही. आपल्याकडे मोकळे माळ काय कमी आहेत?

शेवटी एक सवय लावून घ्या. दर वेळी गाडी ठेवायच्या आधी चारही चाकं एकेक करून हाताने फिरवा आणि कान द्या. चांगली बेअरिंग जवळजवळ आवाज करत नाही. बारीक कर्र आला तर आजच उघडा, पुढच्या रविवारी नाही. दोन मिनिटांचं काम आहे, फुकट आहे, आणि यासाठी कुठला व्हिडिओ लागत नाही.

तुमच्याकडची माती कुठली, पाणी कसलं, ते व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या भागात त्यातले निवडक प्रश्न घेऊ. तोवर गाडी जपून पळवा. भेटूया!