व्हो-ल-व्हिकाँतचा प्रासाद

पॅरिसच्या आग्नेयेस, मलँ या नगरानजीक, व्हो-ल-व्हिकाँत नावाचा जो प्रासाद आहे, तो चौदाव्या लुईच्या खजिन्याचा मुख्य कारभारी निकोला फुके याने वास्तुकार लुई ल व्हो, चित्रकार शार्ल ल ब्रँ आणि उद्यानकार आंद्रे ल नोत्र या त्रयीकडून सिद्ध करविला. दालने वैभवशाली खरीच. परंतु तेथील खरे ऐश्वर्य मागील पायऱ्यांवरून दिसते.

तेथून पाहता वेलबुट्टीसारखी कातरलेली झुडपे, जलकुंडे आणि पलीकडच्या उंचवट्यावरील हर्क्युलिसचा पुतळा ही सारी एकाच सलग पटावर मांडल्यासारखी निकट भासतात. पण चालू लागावे तसतसे अंतर वाढत जाते, आणि प्रासादातून ज्याची चाहूलही लागत नाही असा शेकडो मीटर लांबीचा कालवा एकाएकी पायांशी प्रकटतो. जमिनीचे उतार योजून आणि दूरची कुंडे अधिक विस्तीर्ण ठेवून साधलेला हा दृष्टिभ्रम माझ्या मते ल नोत्रच्या प्रतिभेचा सर्वोत्तम आविष्कार होय.

१७ ऑगस्ट १६६१ रोजी येथे राजाच्या सन्मानार्थ मोठी मेजवानी झाली, मोलिएरचे नवे नाटक झाले. आणि तीन आठवड्यांच्या आत अपहाराच्या आरोपावरून फुके कैद झाला. न्यायाधीशांनी फर्माविलेली हद्दपारी राजाने आजन्म कारावासात बदलली, आणि तिन्ही कलावंतांना व्हर्सायच्या कामी लाविले.

१८७५ साली लिलावात ही मिळकत घेणाऱ्या आल्फ्रेद सोमिए या साखरेच्या कारखानदाराने उजाड उद्यान पुन्हा उभे केले. तेथे जाणाऱ्याने कालव्यापलीकडे चालत जाण्याइतकी सवड अवश्य राखावी.