हा ठराव मी आहे तसा मांडणार नाही



अध्यक्षानं सभेच्या शेवटी उठावं, वक्त्यांचं कौतुक करावं, ठराव वाचावा आणि आभारप्रदर्शनाला वाट करून द्यावी, असा आपल्याकडचा प्रघात आहे. आज मी तो मोडतो आहे. पुण्यातल्या घरोघरच्या कचरा योजनेला, म्हणजे वेगवेगळे डबे आणि दरमहा शुल्क यांना सरसकट विरोध करणारा ठराव माझ्या हातात दिला आहे. तो मला मान्य नाही. का नाही, ते तुमच्यासमोर स्पष्ट बोललं पाहिजे.

सकाळपासून इथे तीन तक्रारी ऐकल्या. ओट्याखाली दोन-तीन डब्यांना जागा नाही. घरपट्टी भरतो, मग कचऱ्याचे वेगळे पैसे कशाला? आणि आम्ही वेगळा केलेला कचरा पुढे एकाच गाडीत ओतला जातो, मग आम्ही हा खटाटोप करायचाच कशासाठी?

जागेच्या तक्रारीवर मी वेळ घालवत नाही. वस्तीतल्या एका खोलीत पाच माणसांचा संसार करणाऱ्या बायका ओला-सुका वेगळा करून देतात. दोन बेडरूमच्या घराला ते जमत नाही, हे मी ऐकून घेणार नाही.

पैशांचं मात्र नीट बोलू. हे शुल्क महापालिकेची तिजोरी भरण्यासाठी आहे, असं एका वक्त्यानं सांगितलं. ते चूक आहे. पुण्यात 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक ताई दारात येतात आणि महिन्याचे पैसे थेट तुमच्याकडून घेतात. सुक्या कचऱ्यातून निघालेलं भंगार त्या विकतात. या दोन्हींवर त्यांचं घर चालतं. तुम्ही शुल्क नाकारता तेव्हा महापालिकेचं काही अडत नाही, त्या बाईचा पगार बुडतो.

ही बाई तुमच्या दारापर्यंत कशी पोचली, हेही ठरावावर सह्या करणाऱ्यांना माहीत असायला हवं. १९९३ मध्ये या शहरात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव त्या कामाच्या पाठीशी होते. तोवर या बायका रस्त्यावरच्या कुंड्यांमध्ये उतरून कागद, काच, पत्रा वेचत. त्यातल्या बहुतेक दलित. लोक त्यांना चोर ठरवत, कुत्री अंगावर येत. पंचायतीनं भांडून ओळखपत्रं मिळवली. २००० साली घनकचऱ्याचे नियम आले, घरोघरून कचरा गोळा करायचं ठरलं, आणि कुंड्याच जाणार म्हटल्यावर त्यांच्या पोटावर पाय येणार होता. त्यातून 'स्वच्छ' ही त्यांची स्वतःची सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये तिनं महापालिकेशी करार केला. हक्कानं मिळवलेलं काम आहे ते. तुमच्या घरपट्टीच्या हिशेबात त्यांना ओढू नका.

आता तिसरी तक्रार. ती खरी आहे, म्हणून तिच्यावर मी जास्त बोलणार आहे.

वेगळा केलेला कचरा पुढे एकत्र होत असेल, तर का होतो? अनेक शहरांत वाहतुकीचं आणि प्रक्रियेचं कंत्राट वजनावर दिलं जातं. जितके टन, तितके पैसे. आपल्या घरातला निम्म्याहून अधिक कचरा ओला, म्हणजे भाजीची देठं, सालं, उरलेलं अन्न. त्याच्या वजनात मोठा वाटा पाण्याचा. सोसायटीनं तो आवारातच जिरवला, तर ठेकेदाराच्या काट्यावरचं वजन उतरतं. पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या, बाटल्या भंगारात गेल्या, तर आणखी उतरतं. वजनावर पैसे घेणाऱ्याला तुम्ही कचरा वेगळा केलेला नकोच असतो. कचरावेचक ताईचं याच्या नेमकं उलट आहे. स्वच्छ, कोरडा, वेगळा कचरा हीच तिची कमाई. तेव्हा तिच्या जागी ठेकेदाराच्या गाड्या आणायच्या गोष्टी जेव्हा जेव्हा निघतात, तेव्हा विरोधाचा ठराव करा. त्या ठरावावर पहिली सही माझी असेल!

आणि विरोध कसा असतो, हे बघायचं असेल तर पुण्याशेजारच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीला चला. आपण दार लावून घेतलं की कचरा संपतो, असं आपल्याला वाटतं. तो या गावांत जाऊन साठत होता. ओला-सुका एकत्र ढीग झाला की आत हवा जात नाही, मिथेन तयार होतो, ढीग पेट घेतात, काळं पाणी जमिनीत झिरपतं. तिथल्या विहिरी नासल्या. गावकऱ्यांनी वर्षानुवर्षं गाड्या अडवल्या, निवेदनं दिली, रस्त्यावर बसले. २०१७ मध्ये ही गावं महापालिकेत घेतली, २०२४ मध्ये बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. हद्दी बदलल्या, पण त्या ढिगाशेजारी जगणं त्यांच्याच वाट्याला राहिलं. त्या माणसांसमोर आपण उभे राहून 'आमच्या ओट्याखाली जागा नाही' असं म्हणणार आहोत का?

आणखी एक गोष्ट, जी चारचौघांत बोलायला आपण लाजतो. वापरलेले सॅनिटरी पॅड आणि लहान मुलांचे डायपर आपण उघडे डब्यात टाकतो आणि दुसरी बाई ते हातानं वेगळे करते. २०१३ मध्ये 'स्वच्छ'च्या बायकांनी असे पॅड गोळा करून ते बनवणाऱ्या कंपन्यांकडेच परत पाठवले. २०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमांत विल्हेवाटीसाठी पिशवी देण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली गेली. ती पिशवी मिळो न मिळो, कागदात गुंडाळून वेगळं देणं तुमच्या-माझ्या हातात आहे. इथे बसलेल्या प्रत्येक पुरुषालाही मी हे सांगतो आहे.

म्हणून मूळ ठराव बाजूला ठेवून मी दुरुस्त ठराव मांडतो. या उपनगरातलं प्रत्येक घर ओला, सुका आणि सॅनिटरी कचरा वेगळा देईल आणि शुल्क वेळेवर भरेल. ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवायला २०१६ च्या नियमांनी सांगितलं होतं, ते आपण या वर्षात करू. त्याबरोबर महापालिकेकडे आपली मागणी: वेगळ्या कचऱ्याची वाहतूक वेगळीच झाली पाहिजे, कोणत्या गाडीतून किती आणि कुठे गेला याचा हिशेब क्षेत्रीय कार्यालयात रोज लागला पाहिजे, आणि कचरावेचकांना हटवून वजनावरचं कंत्राट या भागात येता कामा नये.

सूचक आणि अनुमोदक कोण, त्यांनी पुढे यावं. हात वर करून मतदान घेऊ. ज्यांचा विरोध असेल त्यांनी आत्ता, सगळ्यांसमोर माइकवर येऊन तो मांडावा. मी थांबतो.