वाचनाचे साधन आणि वाचणाऱ्याचा धीर
(महोत्सवानिमित्त पालकांच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या या महोत्सवी वर्षात मुलांच्या वाचनाविषयी दोन शब्द बोलणे आम्हांस अगत्याचे वाटते. पुण्यातील आपली कित्येक मुले घरी मराठी बोलतात व शाळेत इंग्रजीतून शिकतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषेस वाट करून दिली. परंतु रविवारी मिस्सेत ‘थेस्सलनीकाकरांस’ हा शब्द समोर येताच त्याच मुलांची वाचा बसते.

आईबाप म्हणतात, ‘मोबाईल घेऊन दिला, त्यात अक्षरे बोलतात, चित्रे हालतात, तरी मूल वाचीत का नाही?’ साधन उपयुक्त आहे, यात संशय नाही. पण ते केव्हा फळते, हे पाहिले पाहिजे. १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत रचले. १६१६ साली ते छापले गेले ते रोमन लिपीत. कारण नागरी खिळे उपलब्ध नव्हते. लिपी परकी, तरी ग्रंथ देवळांतून वाचला गेला व लोकांस आपला वाटला; कारण ओवीची चाल त्यांच्या कानांत आधीच होती. कानास ओळखीचे झालेले वाचताना जीभ अडखळत नाही.

येथे आमचा एक अपराध सांगतो. काही वर्षांपूर्वी एका मुलाने वेदीजवळ वाचताना एक शब्द चुकविला. आम्ही त्यास तेथेच, सर्वांसमक्ष, सुधारले. शब्द सुधारला, पण तो मुलगा पुन्हा कधी वाचावयास उठला नाही. त्याची आठवण आजही आम्हांस बोचते.

तेव्हापासून शनिवारी आम्ही उतारा प्रथम स्वतः वाचून दाखवितो, मग मुलाबरोबर वाचतो, आणि शेवटी त्यास एकट्याने वाचू देतो. चूक झाली तर थांबतो; बहुधा मूल स्वतःच ती दुरुस्त करते. आपणही घरी असे करावे. त्याच मोबाईलवर आईने किंवा आजोबांनी उतारा आपल्या आवाजात भरून ठेवावा. मुलाने तो ऐकावा व पुस्तकावर बोट ठेवून वाचावा.

प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप वाचणाऱ्या कूशी अधिकाऱ्यास रस्त्यावरून उपदेश करून निघून गेला नाही. तो रथात चढून त्याच्या शेजारी बसला. आपल्या मुलांच्या शेजारी असेच बसण्याची सद्‌बुद्धी व सवड परमेश्वर आपणां सर्वांस देवो.