कुड्याच्या लेण्यांतील माळी

तळा तालुक्यात राजपुरीच्या खाडीवर कुड्याची 26 लेणी आहेत. ती मी लिपी जाणणाऱ्या एका वयोवृद्ध स्नेह्यांबरोबर पाहिली. आधी अक्षरे, मग मूर्ती, हा त्यांचा शिरस्ता! भिंतीला बोट न लावता ते ब्राह्मी लेख वाचू लागले: कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी, एक वैद्य, एक माळी. कोरवून दिलेल्या दानाला तिथे ‘देयधम’ म्हटले आहे. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी हार गुंफणाराही डोंगरात लेणे कोरवीत होता! भगवानलाल इंद्रजी आणि बर्जेस यांनी 1881 साली हे लेख छापले, हे बरेच झाले. हौशी मंडळींचा कोळसा कुठली भिंत सोडतो? गुरुजनहो, मुलांना न्याल तेव्हा आदल्या दिवशी फळ्यावर चार ब्राह्मी अक्षरे गिरवून घ्या. ‘क’ सोपा आहे, अगदी बेरजेच्या चिन्हासारखा.