मनाच्या जखमेलाही उपचार हवा



भातावर करपा दिसला की आपण कृषी सहायकाला विचारतो. बैल आजारी पडला की डॉक्टरांना बोलावतो. घरातले माणूस गेल्यावर मात्र "कामाला लागा, विसर पडेल" एवढाच सल्ला मिळतो. तो पुरेसा नाही.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण सापडलेच नाहीत. २३ जुलैला शोधकार्य थांबविण्यात आले. ज्यांना आपल्या माणसाचे अखेरचे दर्शनही झाले नाही, त्यांचे मन 'गेला' आणि 'येईल' यांत अडकून राहते. त्यातून तो काळ लावणीचा. दरवर्षी आवणाला हात लागताच दुःख ताजे होऊ शकते. हा दुबळेपणा नव्हे.

अशा वेळी पुढील गोष्टी कराव्यात.

१) दुःखी माणसाला बोलू द्यावे, रडू द्यावे. गेलेल्याचे नाव घेणे टाळू नये. दिवसकार्य उरकले की पाहुणे परततात. खरी सोबत तेव्हा लागते. शेजाऱ्यांनी इर्जिक करून त्या घराची लावणी उरकून द्यावी.

२) झोप उडणे, जेवण तुटणे, दारू वाढणे, गुरांकडे लक्ष नसणे, या खुणांवर नजर ठेवावी. सहा महिन्यांनंतरही दुःख तितकेच तीव्र राहून रोजचे व्यवहार अडत असतील, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार तो आजार असू शकतो. त्यावर उपचार आहेत.

३) "जगून काय करू" असे शब्द निघाले तर एक दिवसही थांबू नये. त्या व्यक्तीला एकटे सोडू नये. कीटकनाशके व तणनाशके कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्यावी.

४) शासनाच्या 'टेली मानस' सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. ती मोफत असून चोवीस तास चालते; मराठीतून बोलता येते. प्राथमिक आरोग्य केंद्रातही मानसोपचाराबाबत विचारावे.

समुपदेशक उपदेश करीत नाही. तो ऐकतो. राहून गेलेले बोलणे, "मी त्या रात्री घरी असतो तर" ही टोचणी बाहेर येऊ देतो. मग झोप, जेवण, काम यांची घडी बसविण्यास मदत करतो. नत्र खत आपण हप्त्यांनी देतो, तसेच हे कामही अनेक भेटींत होते. एका भेटीनंतर सोडू नये.

या लावणीच्या हंगामात आपल्या वाडीतील अशा एका घरी अवश्य जाऊन यावे, ही विनंती.