ग्रंथालयाखालची तालीम

दहावी-बारावीचं वर्ष लागलं, की घरोघरी पहिली गदा येते ती मुलामुलींच्या खेळावर. 'खेळ पुरे, आता अभ्यास!' म्हणूनच आज चारशे वर्षांपूर्वीच्या एका छापील चित्राविषयी बोलणार आहे.

हॉलंडमधल्या लायडन शहराला पडलेला स्पॅनिश सैन्याचा वेढा १५७४ मध्ये उठला आणि पुढच्याच वर्षी तिथे विद्यापीठ स्थापन झालं. १६१० मध्ये या विद्यापीठाची चार चित्रं तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापली गेली. रेखाटनं वाउडानसची, कोरीव काम स्वानेनबर्गचं. एक चित्र ग्रंथालयाचं, दुसरं शवविच्छेदनाच्या सभागृहाचं, तिसरं वनस्पती-उद्यानाचं. आणि चौथं? तलवारबाजीच्या शाळेचं!

ग्रंथालयातली पुस्तकं साखळ्यांनी बांधलेली. त्यामुळे माणसं तिथेच उभ्याने वाचताहेत. तलवारबाजीच्या चित्रात मात्र तरुणांच्या जोड्या समोरासमोर उभ्या आहेत, लाकडी घोड्यावर उड्यांचा सराव चाललाय. गंमत म्हणजे ही दोन्ही ठिकाणं एकाच जुन्या चर्चच्या इमारतीत होती. वर ग्रंथ, खाली तलवारी!

इथे तलवार शिकवायचा लुडोल्फ फान क्यूलेन. विद्यापीठाची भाषा लॅटिन, आणि ती तर त्याला येत नव्हती. पण वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचं गुणोत्तर, म्हणजे आपण शाळेत शिकलेला 'पाय', त्याने वर्षानुवर्षं हाताने आकडेमोड करून ३५ दशांश स्थळांपर्यंत काढला. १६०० मध्ये लायडनच्या अभियंत्यांच्या शाळेत तो डच भाषेतून गणित शिकवू लागला. चित्रं छापली गेली त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी तो वारला. ते अंक त्याच्या थडग्यावर कोरले होते. मूळ दगड पुढे हरवला. २००० मध्ये नवा बसवला गेला.

तो काळ लढायांचा होता, तलवार हा निव्वळ विरंगुळा नव्हता, हे खरं. तरीही विद्यापीठाचं दर्शन घडवणाऱ्या चार चित्रांत एक जागा घाम गाळणाऱ्या तरुणांना मिळाली, हे विसरू नये.

अरबीत 'तालीम' म्हणजे शिक्षण. आपण मराठीत व्यायामशाळेलाही तालीमच म्हणतो. आपल्या भाषेनं या दोन गोष्टी केव्हाच एकत्र आणल्यात. परीक्षेच्या वर्षीही संध्याकाळचा एक तास मैदानासाठी राखून ठेवला, तर अभ्यासाचं काही बिघडणार नाही.