नकाशातली बाव

गेल्या उन्हाळ्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत कर्जाच्या हप्त्यांपेक्षा जास्त बोलणं झालं ते एका बावीवर. आमची वाडी वेंगुर्ल्याला लागून. एप्रिल उजाडला की नळाचं पाणी कमी होतं. जुन्या बावीला पाणी असतं, पण तिकडे जायची वाट आमच्याच गटातल्या एका बाईने गडगा घालून बंद केली होती. ती म्हणे, "वाट माझ्या जागेतून नव्हतीच." बाकीच्या म्हणत, "होती, आम्ही लग्न होऊन आलो तेव्हापासून चालतोय." वाद इतका वाढला की दोन महिने ती बैठकीला आली नाही.

शेवटी ठरलं, तोंडाने भांडण्यापेक्षा नकाशा बघू. आमच्यापैकी एकीनेही तोवर गावनकाशा हातात घेतला नव्हता. जमिनीचे कागद म्हणजे पुरुषांचं काम, असंच आम्ही धरून चाललो होतो. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज केला, फी भरली, नक्कल मिळाली. जाताना तिलाही सोबत नेलं.

पहिल्यांदा नुसत्या रेघा दिसल्या. मग आम्ही समुद्र शोधला. तो पश्चिमेला, म्हणजे नकाशात डावीकडे. समुद्र सापडल्यावर व्हाळ सापडला, देऊळ सापडलं, मग आपापले सर्व्हे नंबर. गावनकाशात गाडीवाट दोन तुटक रेघांनी दाखवतात, पायवाट एका तुटक रेघेने. पायवाटेची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. जुनी मोजणी साखळीने व्हायची. साखळी 33 फुटांची, आणि साखळीभर लांब, साखळीभर रुंद जागा म्हणजे एक गुंठा. रोज तोंडात असलेला गुंठा कुठून आला, ते आम्हाला त्या दिवशी कळलं.

आणि वाट? ती होती. पण तिच्या अंगणातून नव्हती, व्हाळाच्या काठाने होती. वाडीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजीला घेऊन आम्ही तिथे गेलो. सगळी झाडी माजलेली. आजी काठी टेकत पुढे झाली आणि म्हणाली, "माजी सासू ह्याच वाटेन पाणी हाडी." नळ आले, तशी व्हाळाकाठची वाट आम्हीच सोडली. अंगणातून जवळ पडतं म्हणून तिच्या सासूने जाऊ दिलं, आणि त्या उपकाराला आम्ही हक्क म्हणू लागलो. पुढच्या बैठकीत आम्ही सगळ्यांनी तिची माफी मागितली. झाडी तोडायला सगळ्यात आधी कोयता घेऊन तीच आली.

त्यानंतर आम्हाला नकाशांची गोडीच लागली. वेंगुर्ल्याचे जुने नकाशे शोधताना एक लक्षात ठेवा: सिंधुदुर्ग जिल्हा 1981 साली झाला, त्याआधीच्या कागदांवर आपण रत्नागिरी जिल्ह्यात सापडतो. सतराव्या शतकात इथे डच व्यापारी होते. त्यांच्या वखारीच्या पडक्या भिंती आपण येता-जाता बघतो. डच लोक इथून गोव्यातल्या पोर्तुगीजांवर नजर ठेवत. 1812 साली सावंतवाडीकरांकडून हे बंदर इंग्रजांकडे गेलं. बंदरावरून निघणारा रस्ता नकाशावर बोटाने धरून वर गेलात, तर तो आंबोलीचा घाट चढून बेळगावला पोचतो. घाटावरचा माल या रस्त्याने बंदरात उतरायचा. पुढे मुरगाव बंदराला रेल्वे आली आणि माल तिकडे वळला. आपलं गाव शांत का झालं, ते असं एका रेघेवर कळतं.

पण सगळंच नकाशात नसतं. नकाशात बाव आहे. तिथे कोण पाणी भरायचं, आणि कुणाला लांब उभं राहून कुणीतरी ओतेल याची वाट बघावी लागायची, ते नाही. ते आम्हाला आजीने सांगितलं, मान खाली घालून. आमच्या वहीत आम्ही तेही लिहिलंय.

आणखी एक. रेघ दिसली म्हणजे लगेच हक्क सिद्ध होत नाही. मोजणी, सातबारा, फेरफार हे सगळं जुळवून बघावं लागतं. घाईने कुणाचा गडगा पाडू नका.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत बचत गोळा झाली की गावनकाशा मधोमध पसरा. वाडीतल्या वयस्क बाईला शेजारी बसवा. बावी, पाणंदी, मासे सुकवायच्या जागा, बुजलेले व्हाळ विचारा. ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवा. कागद कचेरीत मिळेल, आजी मिळणार नाही.